कार्ड खिशात, हूक कुठे?

नाक्यावरच्या बिगाऱ्याला विचारा, सुरक्षेचं प्रशिक्षण झालंय का? तो बहुधा खिशातून बांधकाम कामगाराचं कार्ड काढून दाखवील. हा गैरसमज त्याच्या एकट्याचा नाही; ठेकेदारही त्याच कार्डाची झेरॉक्स फायलीला लावून मोकळा होतो.

हे कार्ड महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचं. 1996च्या केंद्रीय कायद्याच्या आधारे 2011 मध्ये हे मंडळ स्थापन झालं. वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षभरात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला, एवढ्यावर नोंदणी होते. मुलांची शिष्यवृत्ती, आजारपणाची मदत यांसाठी ते कार्ड जपायलाच हवं. पण उंचीवरचं काम याला जमतं की नाही, हे त्यासाठी कुणी तपासलेलं नसतं. कौशल्य प्रमाणपत्राचं काम आणखी निराळं. गवंडीकाम किंवा सळई बांधणं येतं, एवढंच ते सांगतं.

'वीस वर्षं परांचीवर काढली, मला काय शिकवता?' अनुभव खराच. पण परांची रोज नवी असते, काल कुणी तिची फळी काढून नेली असेल तर वीस वर्षांना ते कसं कळणार?

सगळ्यात महाग पडणारा समज म्हणजे बेल्ट लावला की माणूस वाचला. कंबरेचा नुसता पट्टा पडणाऱ्याचा सगळा झटका पोटावर आणतो. म्हणून खांदे आणि मांड्यांना धरणारा पूर्ण हार्नेस लागतो. तो असला तरी हूक कुठे अडकवलाय हे पाहावं लागतं. हार्नेसपासून हुकापर्यंतची दोरी साधारण 1.8 मीटर. झटका सोसणारा तिचा भाग उलगडला की जवळपास तेवढीच लांबी आणखी वाढते. हार्नेसच्या कडीखाली लोंबणारं शरीर दीड मीटर, शिवाय पायांखाली थोडी मोकळी जागा. म्हणजे हूक पायाशी असेल तर खाली सुमारे 6 मीटर हवेत. मजल्याची उंची असते 3 मीटर! पहिल्या स्लॅबच्या कडेला पायाशी हूक लावलेला माणूस दोरी ताणली जाण्याआधीच जमिनीवर असतो. हूक डोक्याच्या वर आणि पक्क्या आधाराला हवा. सेंट्रिंगची हलणारी बल्ली म्हणजे पक्का आधार नव्हे. हे चित्र काढून पाच मिनिटांत समजावता येतं, तेही मजुराच्या भाषेत. पण साईटवर अनेकदा फक्त हजेरीच्या कागदावर अंगठा घेतला जातो आणि त्यालाच प्रशिक्षण म्हणतात.

समजा, दोरीने नीट झेललं. लोंबकळणाऱ्या माणसाच्या पायांत रक्त साकळतं, काही मिनिटांतच तो बेशुद्ध पडू शकतो. त्याला खाली कोण उतरवणार, कशाने? काम सुरू व्हायच्या आधीच मुकादमाला हे विचारून पाहा.