पाच वाजता आलेल्याची मजुरी

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला वाचायला सोपा, शिकवायला अवघड. मालक पहाटे, नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला मजूर लावतो आणि संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर एकेक दिनार ठेवतो. दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरतात. निंदणाला रोज आणि कापूस वेचणीला किलोवर पैसे घेणाऱ्या वर्धा जिल्ह्यात ही कुरकुर कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पुष्कळ उपदेशक मात्र ती चटकन मिटवतात: मजूर म्हणजे भाविक, दिनार म्हणजे तारण, पाचला आलेला म्हणजे उशिरा पश्चात्ताप करणारा. कठीण उतारा शिकवताना हीच घाई नडते. तक्रार करणाऱ्याची बाजू आधी पुरती मांडली पाहिजे, नाहीतर मालकाच्या उत्तराला धारच येत नाही.

या दाखल्याचा वर्ध्याशी संबंध जुना आहे. जॉन रस्किनने १८६० मध्ये लिहिलेल्या अर्थशास्त्रावरील निबंधांचे शीर्षकच यातून घेतले. गांधीजींनी त्या निबंधांचे पुस्तक १९०४ मध्ये जोहान्सबर्ग-डर्बन प्रवासात वाचले, १९०८ मध्ये त्याचे सार गुजरातीत उतरवले आणि त्याला ‘सर्वोदय’ हे नाव दिले. पुढे मार्च १९४८ मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला सर्वोदय समाज स्थापन झाला. त्याआधी, १९३५ मध्ये, दाखल्याचे नावही न घेता तोच प्रश्न खादीचे काम चालवणाऱ्या चरखा संघापुढे आला होता: कातणारीला बाजारभावाने द्यायचे की पोट भरेल इतके? गांधीजींनी आठ तासांच्या कताईला आठ आणे सुचवले. खादी महागेल, खपणार नाही, ही हरकत खोटी नव्हती. मजुरी वाढवली गेली, पण आठ आण्यांपर्यंत पोचली नाही. विनोबांनी तर वर्ध्याजवळच्याच नालवाडीत कताईच्या मजुरीवर जगून पाहिले. भाष्यकाराने हा पुरावा मोलाचा मानावा, कारण इथे अर्थ हिशेबाच्या वहीवर तपासला गेला.

यावर आक्षेप येईल की दाखला स्वर्गाच्या राज्याचा आहे, रोजगार हमीचा नाही. खरे आहे, आम्हाला काय मिळणार, या पेत्राच्या आदल्या अध्यायातल्या प्रश्नाचेच हे उत्तर आहे. पण दिनार ही तेव्हाची नेहमीची दिवसाची मजुरी होती आणि गरीब मजुराचे पैसे सूर्यास्तापूर्वी द्यावेत हा अनुवाद ग्रंथातला नियम ऐकणाऱ्यांना पाठ असणार. पाचला आलेले आळशी नव्हते. कुणी कामावर घेतलेच नाही, असे ते स्वतः सांगतात. एवढा तपशील निव्वळ रूपकासाठी कशाला लागतो? दुसरा आक्षेप अधिक जड आहे आणि तो सर्वोदयवाल्यांना बोचणारा आहे. पंधराव्या वचनात मालक आपल्या मालाचे मनाला येईल ते करण्याचा हक्क सांगतो. विश्वस्त मानलेल्या धनिकाने नेमके हेच म्हणू नये, असे गांधीजी सांगत. म्हणजे या दाखल्यावरून समान मजुरीचा कायदा काढता येत नाही. निघते ती मालकाच्या मर्जीतली उदारता, आणि मर्जीवर मजुराचे घर चालत नाही. ही फट बुजवणारे स्पष्टीकरण माझ्या मते प्रामाणिक नाही.

म्हणून पाळकांना एवढीच विनंती: या दाखल्यावर बोलाल तेव्हा पंधरावे वचन गाळू नका, आणि पहाटे आलेल्या मजुराला हेवेखोर ठरवण्याआधी त्याचे म्हणणे सभेपुढे पूर्ण येऊ द्या.