हवेत तरंगणारी माणसं आणि जमिनीवरचा फ्लॅश

माळरानावर हवेत आडवी तरंगणारी बाई, तिच्याभोवती उडणारी पुस्तकं, मागे संध्याकाळचं गडद आभाळ. असा फोटो पाहिला की बहुतेक जण 'फोटोशॉपची करामत' म्हणून मोकळे होतात. मला हा त्या कलेवर अन्याय वाटतो. फोटो विश्वसनीय होतो की नाही, हे संगणक उघडण्याआधीच, उजेड लावताना ठरलेलं असतं.

तुकडे जोडण्याची कला जुनी आहे. 1857 साली ऑस्कर रेलँडर यांनी इंग्लंडमध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जुळवून 'टू वेज ऑफ लाइफ' हे एकच चित्र छापलं. पुढे अमेरिकेत जेरी यूल्समन डार्करूममध्ये अनेक एन्लार्जर मांडत आणि एकच कागद एकाखालून दुसऱ्याखाली नेत. त्यातून हवेत तरंगणारं झाड किंवा छताच्या जागी ढग असलेली अभ्यासिका साकार होई. फोटोशॉपमध्ये लेअर आले ते 1994 साली.

उघड्यावर काम करताना उजेड दोन असतात, सूर्याचा आणि आपला. फ्लॅशचा झोत डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो. त्यामुळे शटर 1/60 वरून 1/200 वर नेलं, तर चेहऱ्यावरचा फ्लॅश तेवढाच राहतो, आभाळ मात्र गडद होतं. अद्भुत वाटणारं ते वातावरण इथूनच येतं. बहुतेक कॅमेऱ्यांत 1/200 किंवा 1/250 च्या पलीकडे साधा फ्लॅश चालत नाही, फ्रेमच्या कडेला काळा पट्टा येतो.

बॅटरीवरचा छोटा फ्लॅश सूर्यापुढे दुबळा. एक मीटरवरून दोन मीटरवर नेला की उजेड चौथाईवर येतो, म्हणून तो जवळच हवा. इथे तुकडे जोडण्याच्या पद्धतीची खरी गंमत आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवून, फोकस आणि एक्स्पोजर हाताने लावून, आधी रिकाम्या जागेचा फोटो घेतात. मग मदतनीस फ्लॅश आणि त्याचा उजेड मऊ करणारा सॉफ्टबॉक्स घेऊन खुशाल फ्रेममध्येच उभा राहतो. नंतर त्याच्यावर रिकाम्या फोटोतला तेवढाच भाग बसवला की तो गायब होतो, उजेड तेवढा उरतो. पुस्तकंही अशीच एकेक धरून टिपतात. फ्लॅशची दिशा मात्र प्रत्येक वेळी तीच लागते.

तरंगणारी बाई प्रत्यक्षात स्टुलावर आडवी होते, तेव्हा स्टुलाच्या कडेने कपडा दबतो आणि चोरी तिथेच पकडली जाते. म्हणून मदतनीस पदर किंवा घेर वर उडवून सोडतो आणि त्या क्षणाचा वेगळा फोटो घेतात. स्टूल पुसताना गवतावरची त्याची सावलीही पुसावी लागते, पण बाईची सावली ठेवावी लागते. ती गेली, तर चित्र कात्रणासारखं चिकटवलेलं दिसतं. उशिरा लक्षात आलेली सावली हाताने रंगवणारे पुष्कळ आहेत; त्यातली फार थोडी पटते.

मावळतीला उजेड मिनिटामिनिटाला बदलतो, वाऱ्याने गवत हलतं. तुम्ही हे करून पाहणार असाल, तर रिकाम्या जागेचा फोटो सुरुवातीला घ्याच, आणि सामान आवरल्यावर ट्रायपॉड हलवण्याआधी आणखी एक घ्या.