विश्लेषण : गडद हिरवा रंग देताना जुन्या हिरव्याची चौकशी का करावी?

दसरा-दिवाळीच्या तोंडावर घरोघरी रंगकाम निघते. दिवाणखान्याची एखादी भिंत, पलंगामागची बाजू किंवा स्वयंपाकघरातील कपाटे गडद हिरव्या रंगात रंगवणे आता नवलाईचे राहिलेले नाही. अमेरिकेतील ‘पीपीजी’ या रंग कंपनीने २०१९ साठी ‘वर्षाचा रंग’ म्हणून निवडलेला ‘नाइट वॉच’ही गडद हिरवाच होता. पण मराठी घराला हा रंग मुळीच नवा नाही. कोकणातील घरांची दारे, खिडक्यांचे गज, चाळीच्या गॅलरीचे कठडे यांवर ‘बॉटल ग्रीन’ ऑईलपेंटचे थरावर थर चढलेले असतात. तेव्हा तो दारे-खिडक्यांवर होता, आता भिंतीवर आला, इतकाच फरक. मात्र नवा हिरवा लावण्यासाठी जुना हिरवा खरवडला जातो, तेव्हा प्रश्न केवळ शोभेचा राहत नाही.

जुन्या हिरव्यात शिसे कुठून आले?

चांगला हिरवा रंग स्वस्तात मिळवण्याची जुनी युक्ती म्हणजे पिवळा आणि निळा मिसळणे. रंग कारखान्यांत पिवळ्यासाठी ‘क्रोम यलो’ म्हणजे लेड क्रोमेट आणि निळ्यासाठी ‘प्रशियन ब्लू’ वापरला जाई. या मिश्रणाला ‘क्रोम ग्रीन’ म्हणत. ‘ब्रन्सविक ग्रीन’ या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक गडद छटाही याच मिश्रणाच्या. रंग गडद, झाकण्याची ताकद भरपूर आणि किंमत कमी. त्यामुळे दारे, फाटके आणि यंत्रे रंगवायला तो सोयीचा होता. पण लेड क्रोमेटच्या वजनात सुमारे ६४ टक्के शिसे असते. शिवाय ऑईलपेंट लवकर वाळावा म्हणूनही शिशाची संयुगे मिसळली जात. प्रत्येक जुना हिरवा थर शिशाचाच असतो असे नाही, परंतु हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल हे जुने ऑईलपेंट पांढऱ्याहून अधिक संशयास्पद मानावेत.

कायदा काय सांगतो?

घरगुती आणि सजावटीच्या रंगांमध्ये शिशाचे प्रमाण ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असे केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांत नमूद आहे. ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यामुळे आज नामांकित कंपनीचा डबा घेताना त्यावरील यासंबंधीची माहिती वाचावी. सुट्ट्या, बिननावाच्या डब्याच्या वाटेला जाऊ नये. पण हा नियम नव्या डब्यासाठी आहे. आजोबांच्या काळापासून दारावर असलेल्या थरांना तो लागू होत नाही.

मग जुने दार घासायचे की नाही?

धोका नेमका येथे आहे. जुना रंग दारावर घट्ट बसलेला असेल, तर त्यातील शिसे सहसा जागचे हलत नाही. पेंटर कोरड्या सँडपेपरने घासू लागला किंवा ब्लो लॅम्पने रंग जाळून काढू लागला की तेच शिसे धुळीत आणि धुरात मिसळते. ही धूळ फरशीवर, गादीवर, खेळण्यांवर बसते. रांगणारे मूल हात तोंडात घालते आणि शिसे पोटात जाते. गिळलेल्या शिशापैकी मुलांच्या शरीरात शोषला जाणारा वाटा प्रौढांच्या चार ते पाच पट असू शकतो. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर, लक्ष देण्याच्या आणि शिकण्याच्या क्षमतेवर होतो. लक्षणे मात्र लगेच दिसत नाहीत, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. गर्भवती महिलांनाही हाच धोका आहे, आणि दिवसभर ती धूळ श्वासात घेणाऱ्या पेंटरचा तर आपण विचारच करत नाही.

म्हणून पहिला नियम असा की, पोपडे निघालेले नसतील तर रंग खरवडूच नये. साबणाच्या पाण्याने तेलकटपणा धुवावा, दार वाळू द्यावे, प्रायमर द्यावा आणि वरून नवा रंग चढवावा. जुना थर आत बंद राहतो. दार चौकटीत घासत असेल किंवा पोपडे सुटलेच असतील, तर तेवढाच भाग पाणी मारून ओला ठेवत घासावा. खाली जाड प्लास्टिक अंथरावे. खोलीतील अंथरूण, भांडी, खेळणी आधीच बाहेर काढावीत आणि काम संपेपर्यंत मुलांना तेथे फिरकू देऊ नये. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. किमान एन-९५ दर्जाचा, नीट बसणारा मास्क हवा. शेवटी केरसुणी फिरवली तर सगळी मेहनत वाया जाते, कारण झाडल्याने धूळ पुन्हा उडते. फरशी ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसावी. पोपडे पिशवीत बांधावेत. अंगणात किंवा कुंडीत टाकू नयेत, शेकोटीत तर मुळीच नाही.

रंग बदलून शिसे दाखवणाऱ्या स्वॅब चाचण्या मिळतात, पण गडद हिरव्या पृष्ठभागावर तो बदल नीट दिसतोच असे नाही. खात्री हवी असेल तर पोपड्याचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावा.

हिरवा रंग यापूर्वीही विषारी ठरला होता का?

होय, आणि याहून भयंकर. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शेले याने १७७५ मध्ये तांबे आणि आर्सेनिकपासून हिरवा रंग बनवला. पुढे १८१४ मध्ये त्याच कुळातील अधिक झळाळता ‘एमराल्ड ग्रीन’ आला. एकोणिसाव्या शतकात युरोपातील घरांच्या भिंतींवर हे रंग छापलेले वॉलपेपर सर्रास होते. आपल्याकडे अजिंठ्याच्या चित्रकारांनी हिरव्यासाठी खनिज ‘हिरवी माती’ वापरली होती. ती तेवढी झळाळत नाही, पण तिच्यात आर्सेनिक नाही.

आजचा गडद हिरवा कशाचा असतो?

बहुतेक वेळा तो ‘थॅलो ग्रीन’ या १९३० च्या दशकात बाजारात आलेल्या रंगद्रव्याचा किंवा क्रोमियम ऑक्साइडचा असतो. नावात क्रोमियम असले तरी या ऑक्साइडमध्ये शिसे नसते. त्यासोबत काळा किंवा मातकट पिवळा मिसळून छटा गडद करतात.

दुकानातील मशीनवर गडद छटा बनवताना वेगळा ‘बेस’ वापरतात. त्यात पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड अगदी कमी किंवा नसतेच. त्यामुळे गडद असूनही हा रंग भिंत पटकन झाकत नाही. पांढऱ्या भिंतीवर दोन हातांत काम होईल असे सांगितले तरी तिसरा लागू शकतो. खाली करड्या छटेचा प्रायमर दिला तर तो वाचतो. दोन-तीन डबे लागणार असतील तर ते आधी एका बादलीत एकत्र ढवळून घ्यावेत. एकाच नंबरच्या दोन डब्यांत किंचित फरक निघाला, तर तो गडद भिंतीच्या मधोमध दिसतो.

कोणत्या खोलीला तो शोभतो?

पांढरी भिंत तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी ८० टक्क्यांहून अधिक परत फेकू शकते; गडद हिरवी साधारण दहा टक्के किंवा त्याहूनही कमी. शेजारच्या इमारतीला खेटलेल्या, एकाच खिडकीच्या खोलीच्या चारही भिंती हिरव्या केल्या तर दिवसाही दिवा लावावा लागेल. तेथे एकच भिंत, तीही खिडकीसमोरची नव्हे, रंगवावी. सागवानी लाकूड, पितळ, तांबडी माती यांच्याशी हिरव्याचे छान जमते.

दिव्याचा प्रश्न वेगळा. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली हीच छटा निळसर, थंड दिसते, तर पिवळ्या दिव्याखाली शेवाळी होते. दुकानात पाहून छटा ठरवण्यापेक्षा दोन फुटांचा पुठ्ठा रंगवून तो घरच्या भिंतीला टेकवून दुपारी आणि रात्री पाहावा.

आणि भिंतीला ओल असेल तर आधी गळती बंद करावी. ओलीबरोबर बाहेर येणारे पांढरे क्षार फिक्या भिंतीवर कसेबसे खपून जातात. गडद हिरव्यावर एका पावसाळ्यात त्यांचा नकाशा उमटतो.