टेनिसचे ‘सर’ निवडताना : आधी पाहा, विचारा, मग पैसे भरा

उन्हाळ्याच्या सुट्या जवळ आल्या की नागपुरात चौकाचौकांत शिबिरांचे फलक लागतात. पोहणे, स्केटिंग, बॅडमिंटन आणि त्यांच्या जोडीला आता टेनिस. इंदोरा, जरीपटका, वैशालीनगर, अजनी, कौशल्यानगर या भागांतले पालकही आता विचारू लागले आहेत, ‘मुलीला टेनिस शिकवायचे आहे, चांगले सर कुठे मिळतील?’ हा प्रश्न आम्हाला आनंदाचा वाटतो. त्याचे उत्तर मात्र एखाद्या नावात किंवा मोबाइल नंबरात देता येत नाही. प्रशिक्षक कसा पारखायचा, हे कळले तर पालक स्वतःच उत्तर शोधू शकतात. आरोग्याच्या पानावर हा विषय घेण्याचे कारणही सांगतो. मुलाचे शरीर, आणि आपल्या समाजात तर मुलाचे रक्तसुद्धा, कोणाच्या हाती सोपवायचे हा निर्णय पालक इथे घेत असतात.

हा खेळ आपलाही आहे

टेनिस म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर सिव्हिल लाइन्स येते. सी. पी. क्लब, गोंडवाना क्लब ही इंग्रजी अमदानीच्या वळणाची ठिकाणे सदस्यांची. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला अशा ठिकाणी रॅकेट हातात घेण्यासाठी जाणे स्वप्नातही शक्य नव्हते. पण बंद दारे फक्त भारतातच नव्हती.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरात १९४३ साली जन्मलेल्या आर्थर अ‍ॅश या कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्यांच्या बागेतील कोर्टावर प्रवेश नव्हता. त्याचे वडील कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या ब्रूक फील्ड या मैदानाचे रखवालदार होते. तिथेच रॉन चॅरिटी नावाच्या तरुण खेळाडूने त्याला पहिले धडे दिले आणि पुढे लिंचबर्गच्या डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन यांच्याकडे पाठवले. जॉन्सन पेशाने वैद्यकीय डॉक्टर होते. स्वतःच्या घरच्या कोर्टावर ते उन्हाळ्यात कृष्णवर्णीय मुलांना शिकवत. अ‍ॅशने १९६८ साली अमेरिकन ओपन आणि १९७५ साली विम्बल्डन जिंकले. त्याच जॉन्सन यांनी हात दिलेली अल्थिया गिब्सन १९५६ साली फ्रेंच स्पर्धा जिंकून ग्रँड स्लॅम विजेतेपद मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय खेळाडू ठरली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली.

या इतिहासातून पालकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या मुलांना घडवणारे पहिले शिक्षक मोठ्या अकादमीचे मालक नव्हते. मुलाला माणूस म्हणून जपणारे आणि खेळ नीट जाणणारे लोक होते. आपल्यालाही तसाच माणूस शोधायचा आहे.

नाव ऐकून नको, पाहून ठरवा

भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना केलेला उपदेश आपल्याला ठाऊक आहे. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका. स्वतः तपासा, हिताचे दिसले तर स्वीकारा. धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतात, म्हणजे या आणि पाहा. प्रशिक्षक निवडतानाही हीच कसोटी लावावी. भिंतीवरचे चषक, मोठ्या खेळाडूबरोबरचा फोटो, महागडी फी यांवरून तुमच्या नऊ वर्षांच्या मुलीला तिथे काय मिळेल, हे कळत नाही.

शोधाची सुरुवात कोर्टावरूनच करावी. रामनगरच्या टेनिस संकुलात स्पर्धा होतात. स्पर्धेच्या दिवशी सकाळी तिथे जाऊन बसा. कोणाची मुले हरल्यावरही शांत असतात आणि कोणाचे सर मुलांवर ओरडतात, ते एका सकाळीत दिसते. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात जाऊन सरकारी शिबिरांची चौकशी करा. शाळेच्या क्रीडाशिक्षकांना विचारा. दोन-तीन ठिकाणे निवडा आणि प्रत्येक ठिकाणी आधी मुलाला न घेता एक तास बसून या. पालकांना बसून पाहू न देणारे ठिकाण यादीतून काढून टाका.

प्रवासाचाही हिशेब करा. इंदोरा चौकातून मेट्रोने सीताबर्डीला उतरून दुसऱ्या मार्गिकेने शंकरनगरपर्यंत जाता येते. पण आठवड्यातून तीन दिवस मुलाला नेणार कोण, आणणार कोण, हे घरात आधीच ठरले पाहिजे. मध्यम दर्जाचे पण जवळचे ठिकाण वर्षभर टिकते. उत्तम पण लांबचे बहुतेक वेळा दोन महिन्यांत सुटते.

त्या एका तासात काय पाहाल?

पहिले, चेंडू मोजा. एका मुलाकडे लक्ष ठेवा आणि तासाभरात त्याने किती चेंडू मारले ते मोजा. बारा मुले एका रांगेत उभी, प्रत्येकाला तीन चेंडू आणि पुन्हा रांगेच्या शेवटी, असे असेल तर ते मूल तासातला बहुतेक वेळ फक्त उभे राहते. चांगला प्रशिक्षक मुलांचे छोटे गट करतो आणि रांगेतल्यांनाही काही काम देतो.

दुसरे, चेंडूंचा रंग पाहा. लहान मुलांसाठी टेनिसमध्ये मऊ, संथ चेंडू असतात. नेहमीच्या पिवळ्या चेंडूपेक्षा लाल सुमारे ७५ टक्के, नारिंगी ५० टक्के आणि हिरवा २५ टक्के संथ असतो. पूर्ण कोर्टाची लांबी २३.७७ मीटर असते. लाल चेंडूचे कोर्ट फक्त ११ मीटरच्या आसपास आणि नारिंगीचे १८ मीटरच्या आसपास असते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून दहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत संथ चेंडू सक्तीचे केले आहेत. सात-आठ वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा चेंडू आणि मोठ्यांची २७ इंची रॅकेट दिलेली दिसली, तर चेंडू त्याच्या डोक्यावरून उसळत राहील आणि मनगट, कोपर, खांद्यावर ताण येईल. अशा ठिकाणी मुलांच्या शरीराचा विचार होत नाही, असे समजावे.

तिसरे, सुरुवात आणि शेवट पाहा. अंग गरम करण्याचा व्यायाम होतो का? पाण्यासाठी ठरलेली सुट्टी आहे का? एखादे मूल ‘खांदा दुखतो’ म्हणाले, तर सर त्याला थांबवतात की ‘काही होत नाही’ म्हणून पिटाळतात? लहान मुलांबाबत एक साधा दंडक वापरतात. मुलाचे वय जितके वर्षे, त्यापेक्षा जास्त तास आठवड्यात संघटित सराव नको. दहा वर्षांच्या मुलासाठी आठवड्याला दहा तास ही वरची मर्यादा झाली. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांतीही हवी.

चौथे, मागे पडलेल्या मुलाकडे पाहा. वर्गातल्या सर्वांत कच्च्या मुलाशी सर कसे बोलतात, यावरून शिक्षक ओळखावा. जोरदार फटके मारणाऱ्या दोघा-तिघांभोवतीच सर फिरत असतील, तर बाकीच्यांच्या फीवर त्यांची तयारी चालली आहे, असे समजा.

त्यानंतर कागद विचारा. अखिल भारतीय टेनिस संघटनेचे किंवा आंतरराष्ट्रीय महासंघाचे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या पातळीचे प्रमाणपत्र, अथवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका असू शकते. प्रमाणपत्र असले म्हणजे शिकवणे चांगलेच असेल असे नाही. क्लबमध्ये चेंडू उचलता उचलता खेळ शिकलेले आणि पुढे उत्तम शिकवणारे लोकही असतात. पण कागद मागितल्यावर राग येणारा माणूस टाळलेला बरा.

आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : सिकलसेल

विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष आदिवासी समाजाबरोबर आपल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणावर आढळतो. यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. शरीरातले पाणी कमी झाले, प्राणवायू कमी पडला किंवा ताप आला की हे वाढते. आईवडिलांपैकी एकाकडूनच हा गुण आलेला माणूस वाहक, म्हणजे ‘एएस’. दोघांकडूनही आला तर तो रुग्ण, म्हणजे ‘एसएस’.

वाहक मूल एरवी निरोगी असते. ते टेनिस खेळू शकते आणि त्याने खेळावे. मात्र कडक उन्हात, पाणी न पिता, पहिल्याच आठवड्यात जीव तोडून धावायला लावले, तर क्वचित वाहकाच्या जिवावरही बेतू शकते. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळाडूंच्या अशा मृत्यूंनंतर तिथल्या क्रीडा संघटनेने २०१० पासून वरच्या श्रेणीतील खेळाडूंसाठी ही तपासणी सुरू केली. आपल्याकडेही १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. नागपुरात मेडिकल, मेयो किंवा डागा रुग्णालयात चौकशी करा. आधी सोल्युबिलिटीची साधी चाचणी होते. ती सकारात्मक आली, तर पुढच्या चाचणीत मूल वाहक आहे की रुग्ण, हे ठरते.

निकाल हाती आल्यावर प्रशिक्षकाला सांगा आणि ते काय म्हणतात ते ऐका. ‘मग घेत नाही’ म्हणणारे नकोत. ‘त्याने काय होते, पळू द्या’ म्हणणारेही नकोत. योग्य उत्तर मध्यम मार्गाचे असते. सराव हळूहळू वाढवायचा, धावण्याच्या दोन फेऱ्यांमध्ये पुरेशी विश्रांती द्यायची, पाणी कधीही पिऊ द्यायचे, ताप असेल त्या दिवशी सुट्टी द्यायची आणि मूल ‘थांबतो’ म्हणाले की थांबू द्यायचे. रुग्ण मुलांनी किती आणि काय खेळायचे, हे त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावे.

एक फरक प्रशिक्षकाला आणि पालकाला दोघांनाही माहीत हवा. उन्हाने पायात गोळा येतो, तेव्हा स्नायू दगडासारखा घट्ट होतो. सिकलसेलच्या त्रासात स्नायू हाताला नेहमीसारखाच लागतो, पण पायातले बळ एकाएकी जाते. मूल बोलत असते, पण उभे राहू शकत नाही. असे झाले तर ‘थोडे बसू दे’ म्हणत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि वाहक असल्याचे आधी सांगा.

नागपूरचे ऊन

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि सिमेंटचे कोर्ट त्याहून तापते. सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर सराव ठेवणारेच शिबिर निवडा. नवतपात सुट्टी देणारे सर आळशी नसतात, जाणते असतात. मुलाबरोबर टोपी, फिक्या रंगाचे सैल सुती कपडे आणि घरचे पाणी द्या. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढे पुरते. रंगीत बाटल्यांची गरज नाही. डोके दुखणे, मळमळणे, बरळणे, अंग भाजणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी मुलाला सावलीत घ्या, अंग ओले करा, मान आणि काखेत बर्फ ठेवा, लगेच १०८ ला बोलवा.

सन्मान आणि सुरक्षितता

पहिल्या भेटीत आडनाव, वस्ती, ‘कुठले?’ याची चौकशी खेळापेक्षा जास्त होत असेल, तर काय ते समजून घ्या. चेंडू उचलण्याचे, जाळी गुंडाळण्याचे काम सगळ्यांना पाळीपाळीने मिळते की ठरावीक मुलांनाच, हेही पाहा. मुलींसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याची बंद खोली आहे का, ते स्वतः आत जाऊन पाहा. रॅकेट धरायला शिकवताना हाताला स्पर्श होतो. तो विचारून, सर्वांसमोर आणि कामापुरता असावा. एकट्या मुलाला जादा सरावासाठी थांबवणे, रात्री मोबाइलवर खासगी संदेश पाठवणे हे चालवून घेऊ नका. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला २०१२ च्या पोक्सो कायद्याचे संरक्षण आहे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक मुलांनाही पाठ असू द्या.

पैशाचा हिशेब

वर्षाची फी एकदम भरू नका. आधी एखादा दिवस तसाच खेळून पाहण्याची मुभा मागा, मग एक महिना. फीमध्ये चेंडू, कोर्टाचे भाडे, पावसाळ्यातील बुडालेले दिवस धरले आहेत का, ते लिहून घ्या. पावती मागा. पहिल्याच दिवशी ठरावीक दुकानातून महागडी रॅकेट घ्यायला लावणाऱ्यांपासून सावध राहा. पहिले तीन महिने शिबिराची किंवा दुसऱ्याची वापरलेली रॅकेटही चालते. महिन्याअखेर मुलाला तीनच गोष्टी विचारा. मजा आली का? काय नवे आले? उद्या जायचे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांत खरे असते.

हे काम एकेकट्या पालकाला जड जाते. विहारात रविवारच्या वंदनेला आपण जमतोच. चार-पाच कुटुंबांनी मिळून ठिकाणे वाटून घ्यावीत, प्रत्येकाने एक तास बसून पाहावे आणि पुढच्या रविवारी एकमेकांना सांगावे. पाच मुलांचा गट एकत्र गेला तर फीबाबत बोलता येते, ने-आण वाटून घेता येते आणि एकही मूल तिथे एकटे पडत नाही. त्याच रविवारी सगळ्या मुलांच्या सिकलसेल तपासणीचा दिवसही ठरवून टाका. रॅकेट त्यानंतर घेतली तरी चालेल.