टाकी रिकामी, पण जमीन?

"टाकी रिकामी केली ना, मग भीती कसली?" महिला मंडळात मी हवाई बेटांवरच्या रेड हिलबद्दल सांगत होते, तेव्हा एकीनं विचारलं. मैत्रिणींनो, तिथं अमेरिकी नौदलाच्या २० भूमिगत इंधनटाक्या होत्या. सुमारे शंभर फूट खाली पिण्याच्या पाण्याचा साठा. नोव्हेंबर २०२१ मध्ये नळाला इंधनाचा वास आला, मुलांच्या अंगावर पुरळ उठलं. आधी म्हणे, पाणी चांगलंय! तपासलं तर विमानाचं इंधन निघालं. मार्च २०२२ मध्ये टाक्या कायमच्या बंद करायचं ठरलं. पण मुरलेलं तेल मातीतच राहतं, म्हणून बोअर घेऊन नमुने तपासत राहावं लागतं. त्यातलं बेंझीन पाण्यात विरघळतं, तुरटीनं जात नाही. जुन्या पेट्रोल पंपाजवळच्या विहिरीला असा वास आला, तर पाणी भरणं थांबवा. नगरपालिकेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या.