चाकांवरची मोरी

जेवणं उरकली की कोपऱ्यातलं ते धूड चाकांवरून ढकलत सिंकपाशी आणायचं. गरम पाण्याचा नळ सोडून पाणी हाताला चटका देईपर्यंत वाहू द्यायचं, मग बंद करायचा. यंत्राच्या पाठीतून रबरी नळी ओढायची, टोकाच्या जोडणीचं कडं खाली धरून ती नळाच्या तोंडावर दाबायची आणि कडं सोडायचं. 'खट्' असा आवाज आला की बसली. मग पुन्हा नळ सोडायचा.

अमेरिकेत आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो, तेव्हा आधीच्या भाडेकरूनं मागे ठेवलेला असा एक जुना पोर्टेबल डिशवॉशर आम्हाला मिळाला. भांडी घासणारं यंत्र म्हणजे ओट्याखाली कायमचं बसवलेलं, हा समज त्यानं मोडला. याला ना प्लंबर लागतो, ना सुतार. नळाच्या तोंडची जाळी काढून तिथे एक पितळी आटा बसवला की झालं. काढलेली जाळी मात्र जपून ठेवायची.

या यंत्राची आजी इलिनॉयमधल्या शेल्बीव्हिलची. जोसेफिन कॉक्रन या सधन घरातल्या बाईंच्या चिनी मातीच्या उंची भांड्यांचे घासताना टवके उडत, म्हणून भांडी धुणारं यंत्र करायचं त्यांच्या मनात होतं. १८८३मध्ये पतीचं निधन झालं आणि मागे कर्ज उरलं, तेव्हा त्यांनी ते काम नेटानं पुढे नेलं. बशा-कपांची मापं घेऊन त्यांनी तारांचे कप्पे केले, ते एका चाकावर बसवले आणि चाक तांब्याच्या मोठ्या भांड्यात ठेवलं. भांडी जागच्या जागी घट्ट राहतील आणि साबणाचं गरम पाणी त्यांच्यावर जोरानं येईल, ही त्यांची कल्पना. २८ डिसेंबर १८८६ रोजी पेटंट मिळालं, १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात यंत्र गाजलं. गिऱ्हाइकं मात्र हॉटेलं होती. घराघरात एवढं गरम पाणी होतं कुठे? कॉक्रनबाईंची कंपनी १९२६मध्ये होबार्ट या कंपनीनं घेतली आणि १९४९मध्ये तिचा किचनएड नावाचा घरगुती डिशवॉशर बाजारात आला.

चाकांवरचं यंत्र आलं ते ज्यांचं घर जुनं, ओटा आखूड किंवा छप्पर भाड्याचं, त्यांच्यासाठी. अशा अनेक यंत्रांच्या माथ्यावर लाकडी फळी असते, तेवढाच भाजी चिरायला जास्तीचा ओटा मिळतो. वरून उघडणाऱ्या काही यंत्रांत वरचा रॅक उचलल्याशिवाय खालच्या ताटल्या हाती लागत नाहीत. समोरून उघडणाऱ्यात भरलेले रॅक बाहेर ओढताना यंत्र पुढे कलू नये म्हणून तळाशी वजन बसवलेलं असतं.

याचा मेंदू म्हणजे दारावरचा नॉब. आत एक चिमुकली मोटर दातेरी चकत्या सावकाश फिरवते. एक दाता पाण्याची झडप उघडतो, दुसरा पंप चालू करतो, तिसरा पाणी बाहेर सोडतो. नॉबचं 'टक्' ऐकू आलं की पुढचं काम कुठलं, हे काही दिवसांत कानांना कळू लागतं. नॉब फक्त घड्याळाच्या दिशेनं फिरवायचा, उलटा नाही. खरकटं पाणी त्याच जोडणीतून सिंकमध्ये येतं: पहिलं गढूळ, पिवळसर, मग साबणाचं, शेवटचं नितळ. भांडी विसळून झाली की नाही, हे सांगायला दिवा लागत नाही.

शिस्त मात्र हवी. काम संपल्यावर आधी नळ बंद करायचा, जोडणीवरचं बटण दाबून अडकलेला दाब सोडायचा आणि मगच ती काढायची. मी एकदा घाईत विसरले आणि समोरच्या खिडकीपर्यंत पाणी उडालं. यंत्र फार दिवस बंद ठेवलं तर पंपाचं रबर सुकतं आणि पाणी गळू लागतं. हळदीनं पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं आणि ॲल्युमिनियमची भांडी काळवंडतात. कुकर हातानंच घासायचा.

२०१०मध्ये अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी डिशवॉशरच्या पावडरमधल्या फॉस्फेटवर कडक मर्यादा आणली. फॉस्फेटमुळे तळ्यानद्यांत शेवाळ माजतं, म्हणून ते योग्यच होतं. पण क्षारयुक्त पाण्याच्या गावी पेल्यांवर पांढुरका थर बसू लागला आणि लोकांनी दोष जुन्या यंत्राला दिला. यंत्र पूर्वीचंच होतं, पावडर बदलली होती. रिकाम्या यंत्रात लिंबूसत्त्व घालून एक फेरी फिरवली की आतला थर बराच उतरतो.

पाण्याच्या हिशेबात जुनं यंत्र हरतं. २०१३मध्ये लागू झालेल्या अमेरिकी नियमानं पूर्ण आकाराच्या नव्या यंत्राला एका फेरीत ५ गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर पाण्याची मर्यादा घातली. जुन्यांना याच्या दुप्पटही लागतं. म्हणून ते भरल्याशिवाय चालवू नये. पण आतला प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, बिघाड कुठे आहे ते कळतं आणि पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलं तर बराचसा दुरुस्तही होतो. घरातल्या वस्तूबद्दल एवढी ओळख असणं, ही मला फार मोठी श्रीमंती वाटते.

ते घर सोडलं त्या दिवशी नळी गुंडाळली, पितळी आटा काढला, ड्रॉवरमधली जाळी परत नळाला बसवली. नळ सोडून पाहिला. पाणी पहिल्यासारखं पडत होतं. घरमालकाच्या भिंतीला एक खिळाही लागला नव्हता आणि आमची मोरी आमच्याबरोबर ट्रकमध्ये चढली होती.