धुरातल्या काळ्या आकृत्या

प्रवासातल्या फोटोंत धूर आला तो आगगाडीतून. 1902 साली आल्फ्रेड स्टिग्लिट्झने न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड सिटीच्या यार्डात, चालत्या गाडीच्या मागच्या टोकावरून एक फोटो घेतला: रुळांचं चकाकतं जाळं, समोरून येणारं काळंकुट्ट इंजिन आणि आकाश व्यापून टाकणारा त्याचा धूर. पुढच्याच वर्षी त्याने आपल्या 'कॅमेरा वर्क' या नियतकालिकाच्या पहिल्या अंकात तो छापला. ज्या काजळीला लोक नाक मुरडत होते, तिच्यात त्याला चित्र दिसलं होतं.

अर्ध्या शतकानंतर छायाचित्रकार ओ. विन्स्टन लिंक तोच विषय घेऊन रात्री बाहेर पडला. 1955 ते 1960 या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न या अमेरिकन रेल्वेची वाफेची इंजिनं निवृत्त होत होती आणि हा गृहस्थ तारांनी जोडलेले फ्लॅशबल्ब झाडाझुडपांत, घरांवर लावून गाडीची वाट पाहत बसे. दिवसा करडी दिसणारी वाफ रात्रीच्या काळोखावर पांढरीशुभ्र उसळते, हे त्याने नेमकं हेरलं होतं. त्याच्या 1956 मधल्या प्रसिद्ध फोटोत मोटारीत बसून सिनेमा पाहणारं जोडपं त्यानेच तिथं बसवलेलं आहे; पडद्यावरचं विमान तर डार्करूममध्ये जोडलेलं. तेव्हा 'पूर्वी सगळं अस्सल होतं' असा उसासा टाकणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

रंगीत स्लाइडच्या जमान्यात गोष्ट वेगळी झाली. कोडाक्रोम 64 वर उजेड आणि सावली यांतला फार मोठा फरक मावत नसे. आकाशाचा रंग राखायचा, तर समोरचा माणूस काळा होणारच. सिल्हूट ही बरेचदा कलात्मक निवड नव्हती, फिल्मने घातलेली अट होती. चांगल्या छायाचित्रकारांनी त्या अटीतून शैली काढली. धुराचंही तसंच. उजेड पाठीमागून किंवा बाजूने आला की धुराचे कण पेटल्यासारखे दिसतात, त्यातही मागची बाजू काळोखी असेल तर विशेषच. समोरून उजेड पडला, की तोच धूर मळकट, सपाट. म्हणून धूर आणि सिल्हूट एकत्र येतात: दोघांनाही उजेड पलीकडून लागतो.

छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरीने 1983 साली ताजमहालासमोरच्या यार्डात वाफेचं इंजिन टिपलं, ते याच फिल्मच्या काळात. पुढच्या दहा-बारा वर्षांत आपल्या रुंदमापी मार्गांवरची वाफेची इंजिनं गेली. 2009 मध्ये कोडाकने कोडाक्रोमही बंद केली. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल मॅकरीकडेच गेला आणि त्यातल्या काही फ्रेम मुंबईत, सिनेनटांवर खर्च झाल्या.

मग फिल्मची अट राहिली नाही, उरली ती फक्त आवड. म्यानमारमधल्या ऊ बेन पुलावर सूर्यास्ताला चालणारी माणसं, चीनमधल्या ली नदीवर कंदील घेऊन तराफ्यावर उभे राहणारे कोळी: यांतले कितीतरी कोळी आता मासे धरण्यासाठी नाही, पैसे घेऊन फोटोसाठी उभे असतात. त्यात मला गैर वाटत नाही; मेहनताना मिळतोय. खटकतं ते निराळंच. सिल्हूटमध्ये चेहरा नसतो. त्यामुळे परवानगी विचारायची, नाव जाणून घ्यायची, नजरेला नजर द्यायची गरज उरत नाही. प्रवाशाची सगळी अडचण काळ्या रंगात बुडते. कौलांतून उतरणारी तिरीप आणि चुलीचा निळसर धूर यांवर लट्टू होणाऱ्या आपल्याकडच्या हौशी मंडळींचंही तेच. 2016 मध्ये स्वयंपाकाच्या गॅसची उज्ज्वला योजना आली ती त्याच धुरामुळे. चुलीपुढे बसणारीच्या डोळ्यांना आणि छातीला विचारा.

आता मोबाइल सावल्या आपणहून उजळतो, एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम जोडतो आणि सिल्हूटचा जीवच काढून घेतो. काळी आकृती हवी असेल तर पडद्यावर आकाशाला बोट लावून उजेड हातानेच खाली ओढावा लागतो. धुराची सोयही बाजाराने केलीय: प्री-वेडिंगवाले रंगीत धुराच्या नळकांड्या पेटवून किल्ल्याच्या तटावर जोडप्याला उभं करतात. एवढं करून उजेड मात्र समोरूनच घेतात.